सावली खरी की रंगवलेली?

इटलीत काम केलेल्या लुचो फोंताना या कलावंताच्या चिरलेल्या कॅनव्हासमागे काळं जाळीदार कापड असतं. हे ठाऊक नसलेला माणूस त्या चित्रासमोर उभा राहिला की त्याला चिरेच्या आत अंधार दिसतो, आणि तो किती खोल आहे याचा अदमास लागत नाही. खरं तर कॅनव्हास आणि भिंत यांच्यामध्ये चौकटीच्या पट्टीएवढीच जागा, म्हणजे दोन-तीन सेंटिमीटर. कापड काढलं तर मागची पांढरी भिंत दिसेल आणि सगळा खेळ खलास.

ही करामत शिल्पकार म्हणून घडलेल्या माणसाची आहे, हे विशेष. फोंताना १८९९ साली अर्जेंटिनातल्या रोसारिओ शहरात जन्मला आणि मिलानच्या ब्रेरा अकादमीत आदोल्फो विल्टच्या हाताखाली शिल्पकला शिकला. चित्रात खरीखुरी पोकळी आणायची म्हणून १९४९ पासून त्याने कॅनव्हासला भोकं पाडली, १९५८ पासून चिरा दिल्या. खरी पोकळी हाताशी असूनही ती पुरेशी खोल दिसावी यासाठी त्याने चित्रकारांचीच जुनी युक्ती वापरली. अंधार हवा तिथे काळं लावायचं!

चित्र आणि शिल्प यांच्या सीमेवरच्या कामांबद्दल बोलताना मला हा काळ्या कापडाचा तुकडा फार उपयोगी वाटतो. या कामांवर बरंचसं लिहिलं जातं ते 'माध्यमांच्या सीमा पुसल्या' या थाटात, आणि वाचून झाल्यावर हाताला काही लागत नाही. त्यापेक्षा एक साधा प्रश्न विचारावा. समोर दिसणारी सावली रंगाने केलेली आहे, की दिव्यामुळे पडलेली? चित्रातली सावली चित्रकार एकदाच ठरवतो, मग दिवा कुठेही हलवा, ती जागची ढळत नाही. शिल्पाची सावली मात्र ज्या खोलीत ते ठेवलंय ती खोली ठरवते. दोन्ही सावल्या एकाच कामात आल्या की त्यांचं जुंपतं, आणि त्या भांडणाचं कलावंत काय करतो यावर काम तरतं किंवा बुडतं.

फोंतानाची पद्धत आधी नीट पाहू, कारण 'सुरी घेतली आणि फाडलं' असा एक समज घट्ट बसलेला आहे. कॅनव्हास चौकटीवर ताणायचा. त्यावर भिंतीला लावतात त्या जातीचा, पाण्यात मिसळणारा रंग एकसारखा चढवायचा. रंग अजून किंचित ओलसर असताना धारदार पात्याने वरून खाली एका ओढीत चीर द्यायची. त्यानंतर घाई नाही. चिरेच्या कडा बोटांनी, तळहाताने हळूहळू आत वळवायच्या, त्यांना बाक द्यायचा आणि मग मागून काळ्या जाळीची पट्टी चिकटवायची. ही पट्टी दोन कामं करते. मागची भिंत लपवते आणि वळवलेल्या कडा त्याच जागी धरून ठेवते. म्हणजे ज्या चिरेकडे पाहून क्षणभराचा आवेश आठवतो, तिचा आकार बराचसा सावकाश, मातीकाम करणाऱ्या हाताने घडवलेला असतो. उगो मुलासने १९६४ मध्ये काढलेले चीर देतानाचे प्रसिद्ध फोटोही जुळवून आणलेले आहेत. कॅमेऱ्यासमोर फोंतानाला खरी चीर देता येईना, म्हणून आधीच चिरलेल्या कॅनव्हाससमोर त्याला तसं उभं केलं गेलं.

हे करून पाहणाऱ्यांचं जिथे बिनसतं त्या जागाही ठरलेल्या आहेत. ताणलेलं कापड चिरलं की ताण चिरेला काटकोनात सुटतो, म्हणून उभी चीर मध्यभागी सर्वांत रुंद उघडते आणि टोकांना निमुळती राहते. हा बदामी आकार आयता मिळतो. पण सगळा ताण आता चिरेच्या दोन टोकांवर येऊन बसलेला असतो, आणि काही काळाने चीर टोकांपासून आपसूक पुढे फाटत जाऊ शकते. टोकांच्या मागे बोटाच्या पेराएवढा कापडाचा तुकडा आधीच चिकटवून ठेवला तर हे टळतं. दुसरं, रंगाचा थर पातळ राहिला तर कापलेल्या धाग्यांची दशी निघते. थर पुरेसा असेल तर रंगच धागे बांधून ठेवतो. तैलरंग लावून, तो कडक वाळवून मग चीर दिली तर वळवताना कडेला तडे जातात. ओढ मध्येच थांबली तर तिथे खाच दिसते आणि ती नंतर बुजवता येत नाही. शेजारी शेजारी दोन चिरा द्यायच्या असतील तर पहिलीने ताण आधीच सोडलेला असतो, त्यामुळे दुसरी तितकी उघडत नाही. तीन-चार चिरांचं काम करताना कापड सुरुवातीला जास्त ताणून घ्यावं लागतं ते याचसाठी.

अनिश कपूरने याच्या नेमकं उलटं करून दाखवलं. मुंबईत १९५४ साली जन्मलेल्या या शिल्पकाराची पहिली गाजलेली कामं म्हणजे कोरड्या रंगपूडीने माखलेले, जमिनीवर मांडलेले आकार. पूड आकाराच्या कडेवरून फरशीवर सांडलेली, त्यामुळे वस्तू कुठे संपते आणि जमीन कुठे सुरू होते ते ठरवता येत नाही. पुढे १९९२ मध्ये त्याने 'डिसेंट इनटू लिंबो' केलं. एका चौकोनी खोलीच्या जमिनीत गोल खड्डा, आतून गडद रंगाने माखलेला. रंग प्रकाश इतका शोषून घेतो की खड्ड्याच्या भिंतींवर सावली पडत नाही, आणि सावली नसेल तर डोळ्याला खोली कळत नाही. वरून पाहणाऱ्याला तो फरशीवर रंगवलेला काळा गोल वाटतो. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात, सेराल्वेस संग्रहालयात हे काम मांडलेलं असताना एक पाहुणा त्यात पडला. खड्डा सुमारे अडीच मीटर खोल होता. त्याला इस्पितळात न्यावं लागलं.

दोन-तीन सेंटिमीटरची पोकळी अथांग दिसते, आणि अडीच मीटरचा खड्डा सपाट रंग वाटतो. दोन्हीकडे डोळ्याला चकवा देणारा आहे तो काळा रंग, किंवा काळं कापड. तेव्हा जाडी-खोली आली की काम आपोआप शिल्पाकडे सरकलं, हे समीकरण सोडून दिलेलं बरं. आपल्याकडे 'टेक्श्चर पेंटिंग' म्हणून फर्निचरच्या दुकानांत जे मिळतं त्यात जाडी भरपूर असते, पण ती जाडी सावलीचं काहीच करत नाही. दोन सेंटिमीटर उंच पेस्टवर सोनेरी रंग फासला की झालं. त्याला सजावट म्हणायला माझी हरकत नाही.

अमेरिकन चित्रकार फ्रँक स्टेलाचं प्रकरण याहून सरळ, सुताराच्या बाजूने सुरू झालेलं. १९५९ च्या काळ्या पट्ट्यांच्या चित्रांसाठी त्याने चौकट बांधताना लाकडाच्या पट्ट्या नेहमीसारख्या आडव्या न ठेवता कडेवर उभ्या केल्या. तीन इंची पट्टी उभी राहिली आणि चित्र भिंतीपासून तेवढं पुढे आलं. एवढाच बदल, पण चित्राला आता बाजू होत्या, भिंतीवर त्याची सावली पडत होती, आणि पाहणाऱ्याच्या लक्षात येत होतं की ही खिडकी नसून वस्तू आहे. पुढे चौकोनही गेला. १९६५-६६ च्या वेड्यावाकड्या बहुकोनी कॅनव्हासमध्ये त्याने अकरा आकार घेतले आणि प्रत्येक आकार चार वेगवेगळ्या रंगसंगतींत केला. त्याच सुमारास, १९६५ मध्ये, डॉनल्ड जड या कलावंत-समीक्षकाने एक लेख लिहून टाकला की नव्या चांगल्या कामांपैकी निदान अर्धी कामं ना चित्र आहेत ना शिल्प. जडचा सूर निवाडा देणाऱ्याचा होता. स्टेला मात्र २०२४ मध्ये जाईपर्यंत स्वतःला चित्रकारच मानत राहिला, भिंतीपासून हातभर पुढे येणारी धातूची कामं करत असतानाही.

त्याची सत्तरच्या दशकातली पोलिश गावांची मालिका मला सर्वांत शिकवणारी वाटते. नाझींनी उद्ध्वस्त केलेल्या पोलंडमधल्या लाकडी सिनेगॉगच्या छायाचित्रांवरून ती सुचली. एकाच रचनेच्या तीन पायऱ्या त्याने केल्या. पहिलीत कापड, कागद, नमदा एका पातळीवर चिकटवलेले. दुसरीत तेच तुकडे उचलून एकमेकांच्या वर-खाली बसवलेले, पण भिंतीला समांतर. तिसरीत त्या तुकड्यांना कल दिलेला. तिन्ही शेजारी ठेवून पाहिलं की कळतं, दुसऱ्या पायरीत सावली ही नुसती काठावरची रेघ असते, जवळजवळ चित्रकाराने ओढलेली असावी तशी. तिसरीत कललेल्या पृष्ठभागाचा रंगच बदलतो, कारण त्यावर उजेड वेगळ्या कोनातून पडतो. एकाच डब्यातला निळा दोन कलांवर दोन निळे होतो. रंगाने जे करायचं ते इथे सुताराने केलं.

वस्तूचं वजन आणि ती उभी कुठे करायची हा दुसरा मोठा फरक, आणि त्याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही. रॉबर्ट रॉशेनबर्गची 'मोनोग्राम' ही कलाकृती, म्हणजे पोटाभोवती मोटारीचा टायर अडकवलेली भुसा भरलेली अंगोरा बोकडाची आकृती, १९५५ ते १९५९ अशी चार वर्षं रखडली ती बोकड कुठे उभा करायचा या प्रश्नापायी. पहिल्यांदा त्याने बोकड भिंतीवरच्या चित्राला जोडून फळीवर उभा केला. मग तो एकाच बाजूने दिसायचा, दुसरी बाजू वाया. दुसऱ्यांदा बोकडाला जमिनीवर आणून त्याच्या मागे उभं चित्र लावलं, तर बोकड गाडा ओढतोय असं दिसू लागलं. शेवटी चित्र आडवं जमिनीवर टाकलं आणि बोकड त्यावर उभा केला. प्रश्न सुटला, पण चित्र भिंतीवरून उतरलं ते उतरलंच. आज ते स्टॉकहोमच्या मॉडर्ना म्युझिएटमध्ये आहे.

घरच्या घरी, लहान प्रमाणात उठावाचं चित्र करणाऱ्यालाही वजनाचा हा हिशेब टळत नाही. तीन फूट बाय चार फूट पृष्ठभाग घ्या. त्यावर संगमरवराच्या भुकटीची पेस्ट सरासरी पाच मिलिमीटर जाडीने लावली तर साडेपाच लिटरच्या आसपास पेस्ट लागते आणि वाळल्यावरही तिचं वजन आठ-नऊ किलो भरतं. कॅनव्हास हा भार पेलू शकत नाही. फाटेल असं नाही. तो लवतो, पेस्ट लवत नाही, आणि पहिल्यांदा कोणी मागून टेकलं की पापुद्रे सुटतात. त्यामुळे बारा मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय घ्यावा आणि त्याच्या मागे दोन बाय एक इंचाच्या पट्ट्यांची चौकट चिकटवून स्क्रूने आवळावी. प्लाय आठ किलो, चौकट दीड-दोन, पेस्ट नऊ. वीस किलोचं चित्र झालं.

पेस्ट वाळताना आकसते आणि फळीला पुढच्या बाजूने ओढते, मग चारही कोपरे भिंतीपासून पुढे येतात. यावर उपाय म्हणजे मागच्या बाजूलाही पुढच्याइतकेच प्रायमरचे हात द्यायचे. हा खर्च वाचवण्याचा मोह सगळ्यांना होतो, आणि पहिल्या पावसाळ्यात फळी पिळवटते.

पेस्टसाठी भुकटी तीन भाग, अॅक्रिलिक बाइंडर एक भाग, आणि पाणी लागेल तेवढंच, अगदी चमचाभराने. सुतारकामाचा पांढरा फेविकॉल वापरला तर काम होतं, पण तो ओलीत नरम पडतो, आणि कोकणात किंवा मुंबईत जुलै महिन्यात त्याच्यावर बुरशी धरते. थर एका वेळी तीन मिलिमीटरच्या वर नको. जाड थराची वरची साय आधी वाळते, आतलं पाणी नंतर निघतं, आतला थर आकसतो आणि सायीला जागा उरत नाही. मग आटलेल्या तळ्याच्या गाळासारख्या भेगा पडतात. दोन थरांमध्ये उन्हाळ्यात एक दिवस पुरतो, पावसाळ्यात तीनही कमी पडतात. नख रुतत असेल तर थांबा.

एक इंच उंची हवी असेल तर ती पेस्टने गाठायचा हट्ट धरू नये. आत प्लायचे तुकडे किंवा दाट फोमची पाटी कापून बसवावी, सांध्यांवर भिंतीच्या भेगांना लावतात ती जाळीची पट्टी लावावी आणि वर तीन मिलिमीटरचं कातडं चढवावं. थर्माकोल स्वस्त आणि हलका, पण त्याच्यावर स्प्रेचा रंग मारला की त्यातलं थिनर थर्माकोल खातं आणि सगळा आकार डोळ्यांदेखत विरघळतो. थर्माकोल वापरायचाच तर तो आधी पेस्टने पूर्ण बंद करावा, एक टाचणीएवढं छिद्रही उघडं नको.

इतकं करून झाल्यावर रंगाचा प्रश्न येतो, आणि इथे चित्रकारांची सवय आड येते. सवयीने हात फुगवट्याच्या खालच्या बाजूला गडद छटा लावतो. पण भिंतीवरचा दिवा उजवीकडून आला तर खरी सावली डावीकडे पडते, रंगवलेली खाली राहते, आणि डोळा गोंधळतो. हा गोंधळ मुद्दाम हवा असेल तर उत्तम, काही फार चांगली कामं त्यावरच उभी आहेत. नको असेल तर छटा लावू नका, एकच मध्यम उजळ रंग द्या. एन्रिको कास्तेल्लानीने १९५९ पासून नेमकं हेच केलं. कॅनव्हासमध्ये काही खिळे मागून पुढे आणि काही पुढून मागे ढकलले आणि सगळा पृष्ठभाग एकाच रंगात ठेवला. उंचवटे, खळगे, त्यांचे चढ-उतार, सगळं प्रकाशावर सोपवलेलं. गडद रंगात सावली दिसतच नाही. काळ्या उठावात फक्त चमकणाऱ्या कडा दिसतात, तेही रंग चकचकीत असेल तर. पांढऱ्यात सावली सर्वांत स्पष्ट, आणि धूळही.

प्रकाशाचं गणित मात्र सोपं आहे. वरून येणारा झोत भिंतीशी ४५ अंशांचा कोन करत असेल तर एक सेंटिमीटर उंच फुगवट्याची सावली एक सेंटिमीटर लांब पडते. दिवा भिंतीजवळ सरकवून कोन ३० अंशांवर आणला की सावली पावणेदोन सेंटिमीटर होते, १५ अंशांवर जवळजवळ पावणेचार. यापुढे गेलात तर फुगवटे एकमेकांच्या सावलीत बुडतात आणि चित्राचा चिखल होतो. दिवा एकच हवा. दोन दिव्यांनी दोन फिकट सावल्या पडतात आणि उठाव अर्धा मरतो. ट्यूबलाइटखाली तर उठावाचं काम प्रदर्शनात लावूच नये असं माझं मत आहे, कारण लांबलचक नळीतून येणारा उजेड सावलीची धारच खातो. बऱ्याच कलादालनांत छताला सगळीकडे सारखा प्रकाश देणाऱ्या चौकोनी पाट्या असतात. त्यांच्याखाली पाच-सहा महिन्यांचं काम छापील फ्लेक्ससारखं दिसतं. मांडणीच्या आदल्या दिवशी जाऊन एक तरी फिरवता येणारा दिवा मागून घ्यावा.

टांगायला तार नको. वीस किलोला तार बांधली तर ती चौकटीच्या उभ्या पट्ट्या आतल्या बाजूला खेचते. ४५ अंशांत तासलेल्या दोन लाकडी पट्ट्या, एक चित्राला, एक भिंतीला, आणि एकीत दुसरी अडकवायची. काम जितकं पुढे येतं तितका वरचा सांधा भिंतीतून बाहेर ओढला जातो. पंचवीस किलोची वस्तू, तिचा भार भिंतीपासून पंधरा सेंटिमीटरवर आणि उंची फक्त साठ सेंटिमीटर असेल तर वरच्या स्क्रूवर खालच्या ओढीखेरीज बाहेरच्या दिशेनेही सव्वासहा किलोची ओढ बसते. विटेच्या भिंतीत हे काहीच नाही. नव्या इमारतींतल्या पोकळसर सिपोरेक्स भिंतीत मात्र साधा प्लॅस्टिकचा गुल्ला सुटतो, तिथे त्या भिंतींसाठी मिळणारे लांब फास्टनर लागतात. चित्राच्या खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून मागे बोटभर हवा खेळू द्यावी.

हे सगळं कडक पदार्थांचं झालं. मऊ कामांचा हिशेब निराळा. वॉशिंग्टनमधल्या सॅम गिलियमने १९६८ च्या सुमारास चौकटच काढून टाकली. प्रायमर न लावलेल्या लांबच लांब कॅनव्हासवर पातळ अॅक्रिलिक ओतायचं, ओलं असतानाच घड्या घालून, चुरगळून ठेवायचं, वाळल्यावर उलगडायचं. घडीच्या दोन्ही अंगांना रंगाचे जुळे डाग उमटतात. मग तो कॅनव्हास छताला, भिंतीला गाठी मारून लोंबता सोडायचा. गंमत अशी की कापडावर आधीच घड्यांच्या रंगीत खुणा असतात, आणि लोंबवल्यावर नव्या, खऱ्या चुण्या पडतात. जुन्या घडीची सावली रंगात, नव्या घडीची सावली खोलीत. दोन्ही जुळत नाहीत, आणि मला वाटतं या कामांत जीव येतो तो त्यामुळेच. दर वेळी मांडणी वेगळी होते, त्यामुळे काम लावणाऱ्या माणसांच्या हातावर बरंच अवलंबून राहतं. वरच्या घड्यांमध्ये धूळ साचते, आणि एकाच जागी फार दिवस लोंबलेला कॅनव्हास गाठीपाशी लांबतो.

शिल्पकार एव्हा हेसच्या कामांचं दुखणं याहून गंभीर. १९६९ च्या 'कंटिंजंट'मध्ये आठ पट्टे छतापासून एकामागे एक, भिंतीला काटकोनात टांगलेले आहेत. पातळ जाळीदार सुती कापडावर रबराचं लॅटेक्स, टोकांना फायबरग्लास. भिंतीपासून काटकोनात वळलेली चित्रंच जणू, पण भिंतीसमोर उभं राहून पाहिलं तर नुसत्या कडा. लॅटेक्स ताजं असताना दुधी आणि लवचीक असतं. हवेतला प्राणवायू आणि उजेड त्याला पिवळं, मग तपकिरी करतात, शेवटी ते बिस्किटासारखं तुटतं. हेस १९७० मध्ये चौतिसाव्या वर्षी गेली. आज तिची लॅटेक्सची कामं पाहताना आपण तिने पाहिलेला रंग पाहत नाही. आपल्याकडचे काही तरुण कलावंत लॅटेक्स वापरतात, हौसेने वापरावं, पण विकताना घेणाऱ्याला हे स्पष्ट सांगावं.

मुंबईने या विषयात जी भर घातली त्यातली मला सर्वांत अस्सल वाटते ती अतुल दोडिया यांची शटरवरची चित्रं. दुकानाला असतं तसलं लोखंडी शटर, त्यावर इनॅमल रंगाने केलेलं चित्र, आणि शटर वर केलं की मागे दुसरं चित्र. १९९२-९३ च्या दंगली आणि बॉम्बस्फोटांत पटापट खाली ओढलेल्या शटरांची आठवण ज्या शहरात ताजी होती, तिथे या वस्तूला अर्थ चिकटवावा लागला नाही. २००२ च्या 'महालक्ष्मी'त बाहेर कॅलेंडरवर असते तशी लक्ष्मी आहे. शटर उचललं की मागे हुंड्यापायी गळफास घेतलेल्या तीन बहिणी.

कारागिरीच्या बाजूने पाहिलं तर शटर ही चित्रासाठी अगदी गैरसोयीची जागा आहे. प्रत्येक पट्टी बाहेरच्या बाजूला बाकदार, दोन पट्ट्यांमध्ये खाच. समोरून पाहताना चेहरा सलग दिसतो, पण वरून उजेड आला की प्रत्येक पट्टीचा वरचा भाग उजळतो आणि खाली बारीक काळी रेघ पडते. रंगवलेल्या लक्ष्मीवर शटरची स्वतःची सावली, वरपासून खालपर्यंत, आडव्या ओळींनी. ती चित्रकाराने काढलेली नाही आणि त्याला ती पुसताही येत नाही. शिवाय गुंडाळताना एक वेढा दुसऱ्यावर घासतो, त्यामुळे रंगाचा थर पातळ ठेवावा लागतो. जाड इनॅमल बाकावर तडकतं आणि घासून सोलवटतं. शिल्प म्हणून वापरत गेलं तर चित्र झिजतं, चित्र म्हणून जपायचं तर शटर उचलायचं नाही. मग मागच्या तिघी दिसणार कशा?

मोहन सामंत यांचं नाव या संदर्भात फार कमी घेतलं जातं, याची मला नेहमी खंत वाटते. गोरेगावात वाढलेले, जे. जे.मध्ये शिकलेले, १९५२ मध्ये मुंबईतल्या चित्रकारांच्या प्रोग्रेसिव्ह गटात आलेले, उत्तम सारंगी वाजवणारे सामंत पुढे न्यूयॉर्कला स्थायिक झाले आणि २००४ मध्ये तिथेच वारले. साठच्या दशकात ते रंगात वाळू मिसळत; नंतर कापलेले कागदी आकार आले, आणि मग तार. तारेने काढलेली माणसं चित्राच्या पृष्ठभागापासून किंचित सुटी उभी असतात, त्यामुळे एका आकृतीला दोन रेषा मिळतात, एक तारेची आणि एक तारेच्या सावलीची. दिवा हलला की दुसरी हलते. स्टेलाला हातभर धातू लागला तिथे सामंतांचं काम वावभर तारेत भागलं.

अशा कामाचा फोटो समोरून, सपाट उजेडात काढला की त्यातली दुसरी रेष नाहीशी होते, आणि निवड समितीपुढे नेमका तोच फोटो जातो. स्पर्धेला किंवा प्रदर्शनाला उठावाचं काम पाठवताना निदान तीन फोटो असावेत. एक समोरून, दोन्हीकडून समान प्रकाशात, रंग कळण्यासाठी. दुसरा त्याच जागेवरून, पण एकच दिवा वरच्या कोपऱ्यात भिंतीजवळ ठेवून, सावल्या कळण्यासाठी. तिसरा बाजूने, शेजारी मोजपट्टी ठेवून. मापं लिहिताना उंची आणि रुंदीनंतर खोलीचा आकडाही लिहावा, आणि त्यापुढे वजन. अर्जात त्यासाठी रकाना नसेल तर शीर्षकाच्या रकान्यात घालावं, कारण काम उचलायला येणारी माणसं तेवढाच एक रकाना वाचतात.